सुतारकाकांचा दात आणि तुमची अट

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तुमची पाठ काय म्हणते? आणि मामींचा गुडघा? आम्ही मजेत आहोत. पत्र मिळालं. मणक्याच्या ऑपरेशनला तुम्ही तयार झालात, फार बरं वाटलं. पण अट अशी, की पाच-सहा तास भूल मीच सांभाळायची; मधे माणूस बदलला तर तुम्ही उठून घरी जाणार. (भूल दिल्यावर कसे उठणार, तेवढं कळवा.) मधे भूलतज्ज्ञ बदलला की पेशंटला धोका वाढतो, असं म्हणे तुम्ही पेपरात वाचलंत.

ही भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही, कारण मी स्वतःच तोंडघशी पडले आहे. मागच्या महिन्यात एका सुतारकाकांचं ऑपरेशन लांबलं आणि माझ्या जागी आमचे मिशीवाले डॉक्टर आले. रक्तदाब, औषधं, रक्त किती गेलं, सगळं मी त्यांना घडाघडा सांगितलं (पाठांतराची मला पहिल्यापासून घमेंड) आणि कँटीनमध्ये चहाचा पहिला घोट घेतला, तोच आठवलं: काकांचा पुढचा दात हलतोय! शुद्धीवर येताना तो पडून घशात गेला तर? चहा टाकून तीन मजले धावत चढले. पाहते तर मिशीवाले शांत. आल्याआल्या त्यांनी काकांच्या तोंडात स्वतः डोकावून घेतलं होतं. काका दातासकट घरी गेले. तेव्हापासून आम्ही पेशंटच्या सगळ्या नोंदींचा कागदच ठेवला आहे: जाणाऱ्याने वाचायचं, येणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं, मगच जागा सोडायची. ही सवय आता घरातही शिरली आहे. परवा कुकर लावून मी आंघोळीला निघाले, तर तुमच्या भाचेजावयांनी "दोन शिट्ट्या झाल्या, एक बाकी, मग गॅस बंद" असं म्हणून दाखवेपर्यंत मी ओट्यापासून हलले नाही. ते जरा रुसले, पण भात छान झाला.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. मामी म्हणतात तुमचा खालचा एक दात हलतो. तुम्ही म्हणता एकही हलत नाही. कागदावर मी मामींचं लिहिलं आहे.

ता. क. (दुसरा) झोपवेन मीच. पण चौथ्या तासाला तुम्हाला मिशीवाल्यांच्या हवाली करणार आहे. तुम्ही समोर आडवे असताना माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही, त्यात थकले तर चुकेन, याची मला भीती वाटते. मला सायकल शिकवताना सीट धरून तुम्ही धावत होतात. दम लागला तेव्हा वळणावर मामींनी धरली. मला ते दहा वर्षांनी कळलं. मी पडले नव्हते. तुम्हाला मात्र आधी सांगते आहे. वाचलंत ना? मग आता परत म्हणून दाखवा, आणि 'हो' कळवा.