फेला म्हणणार नाही

९ जानेवारी १९७६, कॅल्गरी
मुलगा झाला. तारखेच्या बराच आधी. श्वास नीट घेत नाही म्हणून इनक्युबेटरमध्ये ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. मी अत्यंत शांत आहे. रात्री गाडीचं इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर प्लग करायला विसरलो, सकाळी गाडी सुरू होईना. पण ते थंडीमुळे. नाव ठरलंय: दिग्विजय. चित्राला योग्य वेळी सांगेन.

१० जानेवारी
सासूबाई खास बाळंतपणासाठी आधीच कलकत्त्याहून येऊन राहिल्यात. आज काचेतून नातू पाहिला आणि नाव ठेवून मोकळ्या झाल्या. फेला. चित्रा म्हणाली, हे डाकनाम, घरात हाक मारायचं. आम्हा बंगाल्यांत प्रत्येकाला असतं. कागदावरचं चांगलं नाव तू ठेव. अर्थ विचारला. टाकून दिलेला. माझा मुलगा!
संकल्प: हा शब्द माझ्या तोंडून कधीही निघणार नाही.

११ जानेवारी
सासूबाईंना हिंदीत सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाल्या, चित्रा होण्याआधीची माझी दोन मुलं गेली. दोघांची नावं फार सुंदर होती. नको असलेल्या पोराकडे यम बघत नाही.
मी इंजिनियर माणूस. संध्याकाळी हॉस्पिटलात चित्राला ठणकावून सांगितलं, आमच्या घराण्यात असलं काही चालत नाही. ती पडल्यापडल्या म्हणाली, "आणि तुझे वडील?"
वडिलांचं नाव धोंडो. आधीची भावंडं वाचेनात म्हणून आजीने दगडाचं नाव ठेवलं. पण ती गोष्ट वेगळी. का वेगळी, ते उद्या सविस्तर लिहीन.

१२ जानेवारी
वेळ झाला नाही. ऑफिसात फोन वाजला की उचलायला धावतो. रॉंग नंबरवाल्यावर ओरडलो.

१३ जानेवारी
श्वास मधेच थांबतो, मग परत सुरू होतो. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. मला ते आवडलं नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.
निर्णय: तूर्त दिग्विजय हे नाव मनातसुद्धा घ्यायचं नाही. ही अंधश्रद्धा नव्हे. इंजिनियरिंगमध्ये याला सेफ्टी मार्जिन म्हणतात.

१५ जानेवारी
आज जरा बरा. सासूबाई काचेशी उभ्या राहून फेला, फेला करत होत्या. मी अडवलं नाही. वयाचा मान ठेवावा.

२१ जानेवारी
बाहेर काढला! जुलिएट नावाच्या नर्सने माझ्या हातात दिला. वजन जाणवतसुद्धा नाही. सासूबाई मागेच उभ्या होत्या. जुलिएटने विचारलं, काय नाव?
मी घसा साफ केला. "फेला," म्हणालो.
सुंदर आहे, अर्थ काय, म्हणाली. सुंदर हा शब्द तिथे नको होता. घाईघाईने सांगितलं, नथिंग. नोबडी स्पेशल.
मोठ्याने सांगितलं. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.
दिग्विजयचं शाळेत घालताना बघू.