चैताली मॅडमचे व्यायाम

पुणे, मंगळवार

हर्षालीच्या पप्पांना सारजाचा नमस्कार.

हर्षाली आणि बाळ खुशाल हायेत. फोनवर बोलताना लेक जवळच बसलेली असती, म्हणून लिहायलेय. म्हैस दोन्ही वेळा दूध देती का?

धाराशिवच्या दवाखान्यातल्या चैताली मॅडमनी तोंडाचे आन् घशाचे व्यायाम शिकवल्यापासून तुमचं घोरणं कमी झालं, ऐकून बरं वाटलं. पण जीभ टाळूला लावा, गाल फुगवा, असं मॅडमनी एकदा सांगितलं की तुम्ही रोज आरशापुढं उभे. कुशीवर झोपा म्हणून मी वीस वर्षं सांगितलं, ते ऐकलं न्हाय. झोपेत श्वास अडकला की तुम्हाला हलवून जागं कोण करायचं? आता फोनवर निस्तं मॅडम, मॅडम.

खोटं कशाला बोलू, माझा लई जळफळाट झाला. तुम्ही पाठवलेल्या व्यायामाच्या कागदाच्या फोटोत तिचा नंबर होता. चार शब्द सुनावावे म्हणून परवा म्या फोन लावला.

ती पोरगी म्हणाली, "काकू, काका एक दिवस चुकवत नाहीत. म्हणतात, माझ्यापायी बायकोला वीस वर्षं धड झोप नाही. ती यायच्या आत मला बरं व्हायचंय."

म्या फोन ठेवला.

तवापासून जास्तच राग आलाय. एवढं मनातलं तुम्ही तिला सांगितलं, मला कधीच न्हाय.

रविवारी तेरला यायलेय. तोवर पाठीवर झोपू नका. आन् तिला सांगितलं ते मला सांगा, माझ्याकडं बघून.

तुमचीच,
सारजा