मळमळ थांबू नये म्हणून

२९ जानेवारी

सकाळपासून तीनदा उलटी. छान!

हे कुणी वाचलं तर मला वेड्यात काढेल. पण खरंच छान वाटलं. बेसिनला धरून उभी होते, डोळ्यांतून पाणी, आणि मनात एकच — आहे. अजून आहे.

३० जानेवारी

नवऱ्याने कुठूनतरी कागद छापून आणला — 'आल्याचे तेवीस फायदे'. जेवताना मोठमोठ्याने वाचत बसला. सर्दी, खोकला, अपचन, सांधेदुखी... सतरावा फायदा — केस दाट होतात. तिथे थांबला, टकलावरून हात फिरवला. "आई, मला लहानपणी आलं दिलं नाहीस का गं?"

सासूबाई म्हणाल्या, "डोक्याच्या बाहेरचं राहू दे रे. आत काही उगवावं म्हणून मी झटत होते!"

मी हसले, आणि हसता हसताच तोंड धरून पळाले.

मळमळीवरचा फायदा पाचवा होता. सासूबाईंनी लगेच आलं किसायच्या ऐवजी चिरलं, मीठ लावून डबीत भरलं. "कामावर चघळत जा."

३१ जानेवारी

डबी नेली. तुकडे एप्रनच्या खिशात टाकले. एकही खाल्ला नाही.

२ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. मागच्या वेळी नवव्या आठवड्यात एका सकाळी उठले, तर पोट एकदम शांत. केवढी खूश झाले होते! चार टोस्ट खाल्ले, गुणगुणत कामाला गेले. चार दिवसांनी सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी यंत्राचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. मग त्या बरंच काही बोलल्या. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

आता हा आठवा संपत आलाय. सोनोग्राफीची तारीख होती, मी पुढे ढकलली. दुधानं तोंड पोळलंय माझं. जोवर मळमळतंय, तोवर आहे. मला दुसरा पुरावा नको.

५ फेब्रुवारी

बाइंडिंगच्या टेबलावर सरस तापायला लागला, की पोट घशाशी येतं. आज शिवायला घेतलेलं पुस्तक तसंच टाकून धावले. शेजारच्या टेबलावरची बाई — आम्ही तिला रेडिओ म्हणतो, बंदच होत नाही — म्हणाली, "गोड बातमी का गं?"

"पित्त," म्हटलं.

पित्त! जिभेला काही हाड. पण 'हो' म्हणायचा धीरच होत नाही. किती म्हणावंसं वाटतं!

९ फेब्रुवारी

वजन चार किलो उतरलं. डॉक्टरबाई चिडल्या. "पाणीसुद्धा ठरत नाही पोटात! असंच चाललं तर दाखल करून सलाइन लावावं लागेल. आलं खाता ना?"

नवरा म्हणाला, "तेवीस फायदे आहेत म्हणे."

"बावीस सोडा. मळमळीवर मात्र बऱ्याच जणींना गुण येतो. बेतानं खायचं, सांगितलंय तेवढंच." मग माझ्याकडे बघून — "मळमळ कमी झाली म्हणजे काही बिघडलं, असं नसतं हं."

त्यांना कळलं की काय?

१० फेब्रुवारी

कळलं ते सासूबाईंना. एप्रन धुवायला घेतला आणि खिशातून वाळलेले तुकडे निघाले. टेबलावर मांडून ठेवले होते. मी आले तशा म्हणाल्या, "आवडत नव्हतं, तर सांगायचंस. लिंबू दिलं असतं."

मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं.

त्यांनी ते तुकडे ओंजळीत गोळा केले. मग म्हणाल्या, "याच्या जन्माआधी माझं एक गेलं. याला माहीत नाही. सासरी तेव्हा अळीमिळी गुपचिळी. अगं, मला उलट्या शेवटच्या दिवसापर्यंत होत होत्या. मी सगळ्यांना सांगत होते, चांगलं लक्षण आहे... आणि ते कधीच गेलेलं."

मग उठून त्यांनी नवं आलं चिरलं. मी खाल्लं.

१२ फेब्रुवारी

पाणी ठरलं. अर्धी वाटी भातही.

१४ फेब्रुवारी

सकाळी मळमळ नाही. दुपारी नाही. सरसाचा वास आला, तरी काही नाही. दहाव्यात आहे मी.

आल्यानं थांबली की... संडासात जाऊन घशात बोट घालून पाहिलं. लाज वाटते लिहायला. एवढी आस कुणाला असू नये.

१५ फेब्रुवारी

सासूबाई म्हणाल्या, "चल, सोनोग्राफी करून घेऊ. मी येते." नवऱ्याला सांगितलं, तू कामावर जा.

उद्या दहा वाजता.

१६ फेब्रुवारी

मिनिटाला एकशे अडुसष्ट ठोके! डॉक्टरबाईंनी आवाज मोठा केला. मी म्हटलं, बाहेर बाकावर आई बसल्यात, त्यांना आत बोलवा.

त्या दारातच उभ्या राहिल्या, पर्स छातीशी धरून. ऐकत राहिल्या. त्यांच्या वेळी असलं यंत्र नव्हतं.

"असा आवाज असतो होय," म्हणाल्या.