घरच्या ग्रुपवरचा फोटो

१२ जुलै, दुपार

प्रिय बुलबुल,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, ओळ संपता संपता वर चढणारं. मैत्रिणीच्या खोलीवर नीट जेवतेस ना? इकडे गॅलरीतला वेल भिंत सोडून शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरलाय. पाचवीत असताना तू तिथेच हात मागे बांधून माझ्या शाळेतली चांदण्यांची कविता म्हणायचीस. मी आणि तुझी आजी, दोघांच्या टाळ्या तुला पुरायच्या. मग फोटोंना मिळणारे ते मोबाईलवरचे पसंतीचे बदाम आले. कमी पडले की तू फोटो काढून टाकायचीस आणि ताटावरून उठायचीस. "आजोबा, तुम्हाला नाही कळायचं." खरंच नाही कळलं.

'सगळ्याच पाठवतात, तूच कुठली काकूबाई?' असं म्हणत त्या तुझ्या मित्रानं तुझ्याकडून तो नको तसला फोटो घेतला. एकवीस वर्षांच्या मुलीनं कुणावर विश्वास ठेवला, यात मला तुझा गुन्हा सापडत नाही. यावरून तुझ्या वडिलांशी माझं वाजलंही. ते जाऊ दे.

जाऊ दे म्हणून कसं चालेल? तू लिहितेस, 'त्यानं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. काका, आत्या, सगळ्यांनी पाहिला. फक्त तुम्ही नाही पाहिलात, म्हणून तुम्हालाच लिहितेय.'

हे वाचून मी पत्र उशीखाली सरकवलं.

बुलबुल, तू ग्रुप आधीच सोडला होतास, म्हणून फोटो कुणी टाकला ते तुला दिसलं नाही. तो मुलगा ग्रुपवर कधी आलाच नाही. त्यानं फोटो मला एकट्याला पाठवला होता. चष्मा दुरुस्तीला दिलेला. मला नुसता तुझा चेहरा ओळखू आला, इवलासा, हसरा. तुझा फोटो आला की मी काय करतो, ठाऊक आहे ना? 'आमची बुलबुल!' असं लिहून ग्रुपवर ढकलला आणि अंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर तुझे वडील माझा मोबाईल घेऊन उभे. "बाबा, हे काय केलंत!" ग्रुपवरून त्यांनी तो पुसला. चष्मा आल्यावर मी त्या पोराचा मजकूर वाचला. 'नातीला फोन उचलायला सांगा, नाहीतर घरी सगळ्यांना पाठवीन.'

त्यानं धमकी दिली. पाठवला मी.

घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुझी आई म्हणते, "तिला नका सांगू, तिला तुम्ही एकटेच उरलात." वडील म्हणतात, "सगळं त्या पोरावर जाऊ दे, तसाही नालायकच आहे." आहेच. पण त्याची धमकी माझ्या मोबाईलमध्ये आहे. ती दाखवली नाही तर तो सुटेल, दाखवली तर माझा प्रताप उघडा पडेल. उद्या आपल्या दोघांनाही पोलीस चौकीत जबाबाला बोलावलंय. मी मोबाईल देणार आहे. वडील म्हणतात, वय बघून तुम्हाला कुणी काही करणार नाही. त्याचीच लाज वाटते.

तिथल्या साहेबांच्या तोंडून तुला हे कळू नये, म्हणून शेजारच्या ताईंच्या हाती आजच पत्र देतोय. उद्या ओळख दाखवली नाहीस तरी चालेल. मी जबाब पुरा करीन.

उद्यापर्यंत तरी तुझाच,
आजोबा