मुनियाचे सव्वीस दिवस

इंदोरा, नागपूर
ता. २५ ऑगस्ट १९७७

चि. देवराव यास प्रेमिलाताईचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आईचा खोकला गेला. माझ्या पाचवीच्या वर्गात अठ्ठ्याहत्तर मुली कोंबल्या आहेत. आणि बाबा घरात तुझं नाव काढू देत नाहीत.

झालं असं की नत्थूकाकांचा शालिकराम खडकीच्या कारखान्यात आहे ना, तो चौदा तारखेला पुण्याच्या शर्यती पाहायला गेला होता. त्याने घरी लिहिलं की एक घोडी पळता पळता कोसळली, पुढचा पाय मोडला, लोकांनी चारी बाजूंनी कनाती लावल्या, आणि आपला घोड्यांचा डॉक्टर देवराव पिस्तूल घेऊन आत गेला. नत्थूकाकांनी बाबांसोबत वीस वर्षं स्टेशनवर टांगा लावलेला. त्यांच्या पोटात काही राहतं का? त्यांनी ते पत्र पानठेल्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर मला म्हणाले, "त्याले लिहून दे, दसऱ्याले येऊ नोको म्हणा. माह्या संग दीक्षाभूमीवर चालाचं नाही." एकवीस वर्षांत आपण चौघे एकदाही वेगळे गेलो नाही रे. तुझी परीक्षा असायची तरी तू पुस्तक काखेत मारून यायचास.

त्यांचा राग कुठून येतो ते तुला माहीत आहे. दीक्षा घेतली त्याच हिवाळ्यात मुनियाचा पाय संत्रा मार्केटजवळच्या नालीत अडकून मोडला. शर्यतीतून काढलेली, या हातातून त्या हातात विकली जात आपल्या टांग्याला आलेली घोडी. सगळे म्हणाले, बळीराम, गोळी घालून मोकळा हो. प्राणिमात्रांवर दया करीन म्हणून शपथ घेऊन आलो आणि लगेच मारू का, असं बाबांचं म्हणणं. निंबाखाली तरटाच्या झोळीत टांगून त्यांनी तिला सव्वीस दिवस जगवलं. वस्तीत अजून ती गोष्ट पोरांना सांगतात. अशा माणसाचा तू मुलगा.

तेव्हा गोळी का घालावी लागली ते नीट समजावून लिही. पत्र नेहमीप्रमाणे वंदनेनंतर सर्वांसमोर वाचलं जाईल. आपल्या घरात खासगी पत्र ही चीज नाही, हे ध्यानात ठेवून लिही म्हणजे झालं.

जेवणखाण सांभाळ. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
प्रेमिलाताई


पुणे
ता. २९ ऑगस्ट १९७७

ती. बाबा, ती. आई व ती. ताई यांस देवरावचा सादर जयभीम. वि. वि.

ताईचं पत्र पोचलं. शालिकरामने पाहिलं ते खरं आहे. घोडीचं नाव ब्लू हार्बर, वय साडेतीन वर्षं. पावसाने मैदान मऊ झालं होतं. शेवटच्या वळणावर तिच्या डाव्या पुढच्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचं हाड, मोडली. मोडल्यावरही ती शंभर पावलं तीन पायांवर पळाली, कारण बाकीचे पळत होते. मी पोचलो तेव्हा पाय नुसता कातड्याने लोंबत होता.

बाबा, तुम्ही म्हणाल, प्लास्टर काहून नाही घातलं. माणसाचा पाय मोडला तर तो तीन महिने खाटेवर पडतो. घोड्याला पडून राहता येत नाही. बारा मणांचं अंग. पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाने फुप्फुस दाबलं जातं, अंगाला जखमा पडतात, पोट बंद होतं. म्हणून त्याला उभंच राहावं लागतं, आणि उभं राहिलं की मोडक्या पायाचा भार चांगल्या पायावर जातो. काही दिवसांत त्या चांगल्या पायाचा खूर आतून तापतो. खुराची आणि आतल्या हाडाची पकड सुटते, आणि हाड खाली सरकत सरकत तळव्यातून बाहेर येतं. म्हणजे एक पाय वाचवायला जावं तर दुसरा सडतो.

शिवाय गुडघ्याखाली मांस नसतं. कातडी आणि शिरा तेवढ्या. रक्त पुरेसं पोचत नाही, हाडाचा चुरा झालेला असतो, तो जुळत नाही. परदेशात मोठे सर्जन आत स्क्रू बसवतात. गुंगी उतरली की जनावर घाबरून धडपडत उठतं आणि प्लास्टरसकट पाय पुन्हा मोडून घेतं. हाडाला नुसती चीर गेली असेल आणि घोडा शांत असेल तर वाचतोसुद्धा; असे मी वाचवले आहेत. ही वाचणारी नव्हती.

रागवायचंच असेल तर शर्यतीवर रागवा. या वयात हाडं पुरती पिकलेली नसतात, तरी पळवतात. मालक कनातीपर्यंत आलेही नाहीत, माणूस पाठवून विचारलं, उरकलं का. तो राग मलाही आहे, आणि पगार मी त्यांचाच खातो, हेही आहे. पण गोळीवर रागावू नका. मी तिच्या कपाळावर हात ठेवला होता.

दसऱ्याची रजा मागितली आहे. या घरात माझी जागा आहे असं समजून चालतो.

आपला आज्ञाधारक,
देवराव


इंदोरा, नागपूर
ता. ५ सप्टेंबर १९७७

चि. देवराव यास ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. आई, नत्थूकाका, शेजारच्या इंदूबाई, सगळे बसले होते. बाबांनी चष्मा काढून डोळे मिटून ऐकलं. खुराचा मजकूर आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, पटलं. पण पत्र संपल्यावर म्हणाले की हे सगळं मारणाऱ्याने आपल्या मनाच्या समाधानासाठी काढलेलं शास्त्र आहे. मग त्यांनी मुनियाची गोष्ट सगळ्यांना पहिल्यापासून सांगितली. तिने शेवटी त्यांच्या मांडीवर मान टाकली, आपल्या मरणाने मेली, कुणाच्या हाताने नाही. शेवटी म्हणाले, "डाक्टर झाला म्हणून बापापेक्षा जास्त समजून राहिला का तो?"

देवराव, तू आता जाणता आहेस, शिकलेला आहेस. तूच वाकावंस असं मला वाटतं. दोन ओळींत लिही की चुकलो, पुन्हा असं करणार नाही. त्यांना तेवढं पुरेल. खरं की खोटं ते कोण पाहायला येतं? म्हातारा माणूस आहे, त्याच्याजवळ सांगायला दुसरं काय आहे? टांगा गेला, स्टँडवर रिक्षा आल्या. राहिली ती एवढी गोष्ट.

मी पोळ्याला खाप्याला बायजाबाई आत्याकडे जाईन, चार दिवसांनी येईन. माफीचं पत्र तोवर आलं तर बरं.

रागावलास तरी लोभ माझ्यावर ठेव.

तुझी,
प्रेमिलाताई


पुणे
ता. ९ सप्टेंबर १९७७

ती. ताईस देवरावचा सादर जयभीम. वि. वि.

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे. कारण हे फक्त तुझ्यासाठी आहे. वाचून फाडून टाक.

माफी मी लिहिणार नाही. तू म्हणतेस खरं की खोटं कोण पाहतं. मी पाहिलेलं आहे ना. मी दहा वर्षांचा होतो. मुनियाला बादलीने पाणी पाजायचं काम माझ्याकडे होतं. चौथ्या दिवशी मी तिच्या चांगल्या पायाच्या खुराला हात लावला तर तो चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला. मी आईला सांगितलं. आईने मला गप्प राहायला सांगितलं. आठव्या दिवशी खुराच्या वरच्या कडेला पाणी सुटलं. बाराव्या-तेराव्या दिवसापासून ती दात खायला लागली, उभ्या उभ्या घाम गाळायची, आणि पाणी समोर धरलं तरी तोंड लावायची नाही. झोळी काखेत काचून तिथे किडे पडले, ते आई राखेने काढायची. शेवटच्या आठवड्यात तळव्यातून हाड दिसत होतं. लोक फुलं घेऊन यायचे, आणि बाबा तिच्या पायांवर पोतं टाकायचे. पोतं का टाकायचे, ताई? मला वीस वर्षं हाच प्रश्न पडला आहे.

ती आपल्या मरणाने मेली म्हणतात. ते मरण मी पाणी घेऊन सव्वीस दिवस पाहिलं. कोणी तरी तिला पहिल्याच दिवशी सोडवायला पाहिजे होतं. त्यासाठी मी डॉक्टर झालो, आणि बाबा समजतात त्यांची दया पाहून झालो. दरवर्षी दसऱ्याला त्यांच्याबरोबर चालताना लोक त्यांना थांबवून मुनियाचं विचारतात आणि मी शेजारी हसत उभा राहतो. ब्लू हार्बरला मी एका क्षणात सोडवलं. माझ्या आयुष्यात दयेचं म्हणून जे काही घडलं असेल ते तेवढंच आहे.

हे बाबांना कधीही सांगायचं नाही. त्यांना त्यांची गोष्ट राहू दे. पण मला माफी मागायला लावू नको.

ताई, तू तरी दुरावू नकोस.

तुझा,
देवराव


इंदोरा, नागपूर
ता. १७ सप्टेंबर १९७७

चि. देवराव यास आशीर्वाद. वि. वि.

काय लिहू? पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत, शाळेला सुट्टी होती. तुझं पत्र सुट्टीतच आलं. शिपाई लहानू आपल्याच वस्तीतला. बिचाऱ्याने उपकार म्हणून ते घरी आणून दिलं. मी खाप्याला. पाकिटावर तुझं अक्षर पाहून बाबांना वाटलं, माफीचं पत्र. त्यांनी नत्थूकाकांना मुद्दाम बोलावून आणलं. इंदूबाई होत्या. वंदना झाली. प्रेमिला नाही तर आज मी वाचतो, असं म्हणून बाबा चष्मा लावून बसले.

आईने मला सांगितलं ते असं. पहिल्याच ओळी वाचून ते थोडे अडखळले, पण थांबले नाहीत. तुला माहीत आहे ते कसे वाचतात, अक्षराखाली बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्याने. तसंच सगळं वाचलं. खूर, किडे, पोतं, सगळं. इंदूबाई मधेच उठून गेल्या. तुझं नाव वाचलं, मग पत्राची घडी केली आणि आईला म्हणाले, नत्थूले चहा दे.

तेव्हापासून राग नाही, आदळआपट नाही. दिवसभर ओट्यावर बसतात. पानठेल्यावर जात नाहीत.

मी तुझ्यावर चिडले आहे. खरं बोलायला वीस वर्षं थांबलास, मग ते कागदावर कशाला उतरवलंस? आणि माझ्यावरही चिडले आहे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मलाही सगळं दिसत होतं.

ताई


इंदोरा
ता. २६ सप्टेंबर १९७७

चि. देवराव, तुह्या बापाचा जयभीम.

हे पत्र मीच लिहून राहिलो. रात्रशाळेतलं शिक्षण हाय, चुका होतीन. तीन दिवस लागले लिहाले. प्रेमिलाले दाखवलं नाही.

तुह्यं पत्र वाचतानी वाटलं, आता थांबाव. पण नत्थू समोर बसला होता. थांबलो असतो तं त्याले समजलं असतं का लिहिलं ते खरं हाय. म्हणून वाचत गेलो.

तू चौथ्या दिवसाचं लिहिलं. मलेबी चौथ्याच दिवशी समजलं होतं गा. जनम टांग्यावर गेला, घोड्याचा डोळा मले वाचता येत नाही का? पण तवर लोकं येऊन राहिले होते. ज्याइनं आमच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, तेबी पाहाले आले. म्हणे, दया पाहाची असंन तं बळीरामकडं जा. मले असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. मंग मी तिले कसा मारू? पोतं त्याच्यासाठी टाकत होतो. लोकाइनं वरची घोडी पाहाव, खालचा पाय नाही. तू इचारलं म्हणून सांगतो.

तुह्या मायले इचारलं, तुले माहीत होतं का. ती म्हणते, होतं. प्रेमिला नुसती रडली. घरात समद्याइले माहीत होतं. एक मीच दयाळू होतो.

तू त्या घोडीले मारलं ते बराबर केलं. काल पानठेल्यावर जाऊन समद्याइच्या समोर सांगून आलो. मुनियाचंबी सांगितलं, जसं झालं तसं. नत्थू उठून घरी गेला.

आता दसऱ्याचं. येऊ नोको. पहिले म्हटलं ते रागानं म्हटलं होतं. आता राग नाही, तुह्यं खरं हाय म्हणूनच म्हणतो. तू संग चालशीन तं मले दहा वर्षाचं पोरगं दिसंन, हातात बादली धरलेलं. ते सव्वीस दिवस घोडीकडं पाहत होतं अन् मी लोकाइकडं. त्याच्या संग चालाची माही हिंमत नाही. पुढच्या वर्षी बलावीन, बलावता आलं तं.

तुह्यी माय बरी हाय. तिच्यासाठी पत्र टाकत जाय. ते प्रेमिला वाचंन.

माया ठेव, ठेवता आली तं.

तुहा बाप,
बळीराम