ससे शांत आहेत

बालीगंज, कलकत्ता
९ जानेवारी १९५६

ति. सौ. शकुनअक्का हिच्या चरणी धाकट्या विनायकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पावले. भावजींचा रक्तदाब १९० वरून १४२ वर आल्याचे वाचून मी तो कागद तसाच प्रयोगशाळेत नेला आणि भिंतीवरच्या आलेखात नवा ठिपका दिला. सप्टेंबरपासून दर आठवड्यास तू चार गोष्टी कळवतेस: दाब, नाडी, झोप आणि भूक. इतकी नेमकी नोंद आमचे साहाय्यकही ठेवत नाहीत. दिवाळीनंतर मी गोळ्या दुप्पट करायला सांगितल्या तेव्हा मनात थोडी धाकधूक होती. आता ती उरली नाही. मार्चच्या परिषदेत आमचे प्राध्यापक हा आलेख दाखवणार आहेत.

या मुळीत असे आहे तरी काय, असे तू विचारलेस. क्रमाने सांगतो. सर्पगंधेची मुळी बंगालचे वैद्य उन्मादावर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या देत आले. तिच्यातले पांढरे स्फटिक तीन-चार वर्षांपूर्वी वेगळे काढले गेले. भावजींच्या गोळीत तेच असतात. आता दुसरे टोक धर. सेरोटोनिन नावाचा एक पदार्थ आधी रक्तात सापडला, मग मेंदूतही. तो ओळखावा कसा? गिनीपिगाच्या आतड्याचा तुकडा कोमट क्षारजलात टांगतात. त्या आतड्यावर सेरोटोनिनला ओळखणाऱ्या जागा असतात, त्यांना आम्ही ग्राही म्हणतो. एक थेंब पडला की तुकडा आखडतो आणि त्याला जोडलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढते. या जागा एकाच प्रकारच्या की दोन, यावर आमच्याकडे चहाच्या वेळी भांडणे होतात.

आणि आता गंमत ऐक. सशाला हे औषध टोचले की काही तासांत त्याच्या मेंदूतले बहुतेक सेरोटोनिन नाहीसे होते. मग तो पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसतो, पापण्या अर्ध्या मिटतो, गवत पुढे केले तरी हलत नाही. मात्र झोपलेला नसतो, हात लावला की डोळे उघडतो. आधी चावणारे ससेसुद्धा असे शांत होतात. मेंदूतला एक पदार्थ आणि प्राण्याचे वागणे यांची गाठ अशी हाताला लागावी, यापरते भाग्य कोणते!

चि. प्रमोद तुला ‘पिशी’च म्हणतो; ‘आत्या’ म्हण म्हटले की त्याला हसू येते. तुझ्या भावजयीने, वृंदाने, नव्या गुळाचे संदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, कुणाबरोबर तरी पाठवायचे ठरवले आहे, तोवर मीच ते संपवतो. भावजी पत्राच्या समासात माझ्या भूमितीवर दोन टोमणे लिहीत, ते हल्ली बंद का? त्यांना सा. न. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझा
विनायक

•

इंदूर
१७ जानेवारी १९५६

चि. विनायकास शकुनअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दाब १३८, नाडी ६०, झोप भरपूर, भूक कमी. तुझ्या चार प्रश्नांची उत्तरे झाली. आता तू न विचारलेले लिहिते.

सशांचा मजकूर मी चार वेळा वाचला. पाठीला पोक, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, पुढे केलेल्या घासाकडे लक्ष नाही, आणि तरी झोपलेला नाही. विनायका, तो ससा माझ्या ओसरीवर बसला आहे.

मार्गशीर्षापासून हे शाळेत गेलेले नाहीत. मी पाणी तापवून समोर ठेवल्याशिवाय दाढी होत नाही. ‘झोप भरपूर’ हे मी खोटे लिहिले नाही, दिवसभर पडूनच असतात. पण सकाळी भिंतीकडे तोंड करून रडतात आणि विचारले तर बरा आहे म्हणतात. संक्रांतीला जुने विद्यार्थी तिळगूळ घेऊन आले, तर हे आतल्या खोलीत जाऊन बसले. आपण या मुलांना काहीही शिकवलेले नाही, उगाच तीस वर्षे खडू झिजवला, असे मला म्हणाले. आजवर कळवले नाही, कारण नवऱ्याचे मन बिघडले असे माहेरी कोण लिहिते? आणि तुझ्या कागदात त्याला रकाना नव्हता.

परवा कोटाचे बटण लावताना खिशात एक यादी सापडली. कपाटाची किल्ली कुठे आहे, कोणाची कोणती पुस्तके परत करायची, कोणाला तार करायची, सगळे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. तुझ्या नावापुढे लिहिले आहे की विनायकाला तार नको, पत्र पुरे. इतक्या लांबून येण्याची तसदी देऊ नये.

यादी मी जागच्या जागी ठेवली आणि त्या दिवसापासून त्यांच्यावरची नजर काढलेली नाही. इथले डॉक्टर म्हणतात की वेड्यांच्या इस्पितळात ठेवून विजेचे झटके द्यावेत. तुझ्या गोळ्यांचे सांगितले, तर त्या चालू ठेवा म्हणाले, मन शांत राहील.

मला एकच कळव. सशांना देता ते आणि यांना देता ते एकच आहे का? समजावून सांगू नकोस. हो की नाही, एवढेच.

शकुनअक्का

•

तार. कलकत्ता, २१ जानेवारी १९५६

होय. गोळ्या आजच बंद. भावजींना एकटे सोडू नये. पत्र मागाहून. विनायक.

•

बालीगंज, कलकत्ता
२१ जानेवारी १९५६

ति. अक्कास, नमस्कार लिहिण्याचा अधिकार उरला आहे असे धरून, शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज सकाळी प्रयोगशाळेत हाती पडले. एस्प्लनेडला जाऊन तार केली आणि परत येऊन पिंजऱ्यांसमोर उभा राहिलो. ससे तसेच बसले होते. माझ्या नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘शांत’ हा शब्द सत्तावीस वेळा आहे. शब्द माझा होता. सशाला कोणी विचारले नव्हते.

याहून वाईट पुढे आहे आणि ते मी लपवणार नाही. गेल्या मे महिन्यात एका परदेशी मासिकात मी वाचले होते की हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र खिन्नता आली. त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिले: ‘मुळातच दुर्बल स्वभाव?’ त्यानंतर चार महिन्यांनी मी भावजींना पहिली बाटली पाठवली. ते वाक्य मला तेव्हा आठवले नाही. ज्यांच्या विनोदाला आम्ही सगळे वचकून असतो, त्यांच्याशी त्याचा संबंध असेल असे वाटलेच नाही.

आता करायचे ते. वस्तरा, दोर आणि उरलेल्या गोळ्या त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. विहिरीकडे एकटे जाऊ देऊ नकोस. विजेचे झटके महिनाभर थांबवावेत, अशी सोबतची इंग्रजी चिठ्ठी डॉक्टरांना दाखव. दाब चढेल, जेवण अळणी ठेव आणि दर तीन दिवसांनी तो मोजून घे. औषध शरीरातून लवकर जाते, पण मेंदूतला रिकामा झालेला साठा सावकाश भरतो. सशात आठवड्याच्या पुढे, माणसात किती दिवस ते कोणालाच ठाऊक नाही. साठा रिकामा होणे हेच या दुःखाचे कारण आहे, हेही मी आज सिद्ध करू शकत नाही. गोळी थांबवायला मात्र सिद्धतेची वाट पाहायची नसते.

आलेख मी भिंतीवरून काढला. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, असे प्राध्यापक म्हणाले. मी म्हणालो की दाब उतरल्याचा निष्कर्षही त्याच एका माणसावरून आपण परिषदेत दाखवणार होतो.

बोलावशील त्या क्षणी गाडीत बसेन. न बोलावलेस तरी ते मला समजेल.

विनायक

•

इंदूर
२६ फेब्रुवारी १९५६

चि. विनायकराव यांस श्यामरावाचे आशीर्वाद. स्वीकारावेत, घाबरू नये.

काल मी आमटीला नावे ठेवली. तुझ्या कृपेने महिनाभर घरात मिठाला बंदी आहे. मी वाटी सरकवून म्हणालो की हा पदार्थ आहे की भांडी विसळल्याचे पाणी. शकुन चिडेल अशी अपेक्षा होती. ती पदर डोळ्यांना लावून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. दाब १७६ आहे. डॉक्टर काळजीत आहेत, ती आनंदात आहे.

तुझे पत्र तिने मला वाचून दाखवले. त्यावर आज काही म्हणत नाही. माफ करण्याइतका मी अजून बरा झालेलो नाही. पण तुझ्या सशांना सांगता येणार नाही असे काही मला सांगता येते, आणि ते तू लिहून घ्यावेस.

माझा दिवस ठरला होता: सोमवार, २३ जानेवारी. तुझी तार शनिवारी संध्याकाळी आली. शकुनला तारीख माहीत नव्हती. हे पत्र संपले की तिला सांगणार आहे.

लोकांना वाटते की असा माणूस दुःखाने वेडापिसा होतो. तसे नव्हते. हे बाहेरून आलेले आहे, गोळीतून आले आहे, असे मला एकदाही वाटले नाही. उलट, आयुष्यात प्रथमच सगळे स्वच्छ दिसते आहे असे वाटे. मी भूमितीचा शिक्षक. मी ते रीतसर मांडले. पक्ष, साध्य, सिद्धता. माझ्या असण्याचा कोणालाही उपयोग नाही, हे सात पायऱ्यांत सिद्ध केले आणि कागद वहीत ठेवला. परवा तो काढून मास्तरांच्या नजरेने तपासला. खरे सांगतो, एकाही पायरीत मला चूक सापडली नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याने हे उत्तर आणले असते, तर मी पायऱ्या न पाहताच फुली मारली असती.

कागद सोबत जोडला आहे. तुझ्या प्राध्यापकांना आणि परिषदेतल्या विद्वानांना तो दाखव. असा रुग्ण त्यांच्याकडे तक्रार करायला येणार नाही, हे त्यांना सांग. विचारले तर बरा आहे म्हणेल. आणि त्याच्या खिशात सिद्धता असेल.

उद्यापासून दोन तास शिकवायला शाळेत जातो आहे. लोभ सर्वांचा होताच. मधले काही महिने तो मला दिसत नव्हता, इतकेच.

तुझा
श्यामराव