धूसर फोटो आणि धक्क्याचा तिसरा खांब

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
धक्के व जलवाहतूक विभाग,
बंदर कार्यालय.

विषय : प्रवासी धक्क्यावर लावलेले छायाचित्र काढून टाकण्याच्या नोटिशीस उत्तर, आणि दुरुस्ती होईपर्यंत सदर धक्का बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाने अर्जदारास बजावलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार ही धक्क्यासमोरच्या फोटो स्टुडिओची चालक असून पासपोर्टचे, लग्नाचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढणे हा तिचा व्यवसाय आहे. तिकीट खिडकीशेजारी विनापरवानगी मोठे छायाचित्र चिकटवून प्रवाशांत घबराट पसरवल्याचा ठपका नोटिशीत तिच्यावर ठेवण्यात आला आहे. छायाचित्र तिनेच चिकटवले, हे ती नाकारीत नाही. ते का चिकटवावे लागले, एवढे आपण ऐकून घ्यावे, म्हणून हा अर्ज.

अर्जदाराचे मोठे दीर प्रवासी लाँच चालवतात. वादळ होऊन गेल्यापासून लाँच टेकली की धक्का हलतो, हे त्यांच्या लक्षात आले. जेवता जेवता ते घरी म्हणाले, "पायाखालची सतरंजी कुणीतरी ओढतंय असं वाटतं." त्यांनी आपल्या कार्यालयात कळवले, तेव्हा पाण्याखालच्या भागाची छायाचित्रे आणा, तोंडी तक्रारीवर कार्यवाही होत नाही, असे सांगण्यात आले. अर्जदार त्या सुमारास हौसेखातर पाण्याखाली उतरायला शिकत होती आणि कॅमेरा पाण्यात नेण्याची पारदर्शक बंद पेटी तिने नुकतीच घेतली होती. साहजिकच ताटावरून सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

आपल्या कार्यालयाची रीतसर परवानगी काढून अर्जदार तिच्या शिक्षकाबरोबर उतरली. हे शिक्षक पेशाने पाणबुडे असून पाण्यातून वर यायला कधीच घाई करीत नाहीत, म्हणून सगळे बंदर त्यांना 'कासव' म्हणते. काठावरून मोजता तिसऱ्या खांबाला, समुद्राच्या बाजूने, भेग आहे. अर्जदाराने ती डोळ्यांनी पाहिली, तिच्यात हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला आणि बोटांना गंजलेली सळई लागली. महोदय, धक्क्यावरून जाणारी पावले खाली ऐकू येतात. हात आत असताना वर कुणीतरी धावत लाँच गाठत होते.

छायाचित्रे मात्र पांढरीफटक आली. पेटी भर उन्हात, दमट हवेत बंद केली होती. गार पाण्यात शिरताच आतल्या ओलाव्याची काचेवर आतून वाफ धरली. ही अर्जदाराची नवशिकी चूक होती आणि तसे तिने छायाचित्रांसोबत लिहूनही दिले होते. परंतु आपल्या कार्यालयाने त्याच छायाचित्रांवर "दोष आढळून आला नाही" असा शेरा मारला. वाफेत भेगच काय, खांबसुद्धा दिसत नाही. मग खांबही नाही, असे समजायचे काय? अर्जदाराच्या सासूबाईंनी हेच विचारले, आणि त्या काही इंजिनिअर नाहीत.

दुसऱ्या खेपेस पेटी स्टुडिओतल्या थंड, कोरड्या खोलीत बंद केली, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या. काच लख्ख राहिली. पण कॅमेऱ्यावरचा दिवा समोरून उजळला आणि खांबाभोवतीचा सगळा गाळ चमकून उठला. छायाचित्रभर पांढरे ठिपके. यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर आले, की "सदर छायाचित्रे रात्रीच्या आकाशाची असल्याचे दिसते, सबब विषयाशी संबंध नाही." ते पत्र वाचून दीर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांना लाँच घेऊन त्याच धक्क्याला लागायचे होते.

तिसऱ्या खेपेची चूकही अर्जदाराचीच. पेटीच्या झाकणाला पाणी अडवणारी रबरी कडी असते. ती पुसून, हलकेच ग्रीस लावून, बोट फिरवून पाहायची असते, आणि कॅमेरा न ठेवता पेटी आधी बादलीत बुडवून पाहायची असते. त्या दिवशी घाई झाली. तिकीट खिडकीचा माणूस सारखा ओरडत होता, "ताई, लाँच यायच्या आत उरका!" अर्जदार त्याला उत्तर देत राहिली आणि कडीवर टॉवेलचा एक धागा राहिला. खाली गेल्यावर झाकणाच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, आत पाणी शिरल्याचा इशारा देणारा पेटीतला लाल दिवा लुकलुकला. कासव यांनी तिचा दंड धरला. त्याही स्थितीत ते तिला सावकाश, शिस्तीतच वर घेऊन आले. कॅमेरा मेला. स्टुडिओत तेवढा एकच चांगला कॅमेरा होता. ज्या घरचे लग्न ठरले होते त्यांना अर्जदाराने स्वतः जाऊन दुसरा फोटोवाला बघायला सांगितले.

अर्जदाराच्या पतीने तेव्हा हात जोडले. "आता बास. ऑफिसला पटत नाही, तर तू काय समुद्र उपसणार आहेस?" त्यांचे चुकले असे अर्जदारास वाटत नाही. काही दिवस तिने पेटीला हातही लावला नाही. पण स्टुडिओच्या दारातून धक्का दिसतो. लाँच लागली की ती मान वळवायची, आणि मान वळवली तरी दीर उतारूंना "सावकाश, एकेक जण" म्हणत असलेले ऐकू यायचे. पूर्वी ते असे कधी म्हणत नसत.

शेवटी नणंदेने स्वतःचा कॅमेरा दिला. या वेळी अर्जदाराने खोलीचे दार लावून, कुणाशी एक शब्द न बोलता कडी साफ केली, रिकामी पेटी बादलीत बुडवून पाहिली, पाण्याच्या दाबाने बटणे आत रुतून राहतात म्हणून एकेक बटण दाबून सोडून बघितले. दिवा पेटीपासून सोडवून कासव यांच्या हाती दिला. त्यांनी तो बाजूने, हात लांब करून धरला. गाळ अंधारात राहिला आणि भेग उजेडात आली. भेगेची खोली समजावी म्हणून अर्जदाराने डावा हात मनगटापर्यंत आत घालून उजव्या हाताने छायाचित्र घेतले. वर आल्यावर पडद्यावर ते पाहून कासव यांनी डोळे मिटून घेतले. दीर म्हणाले, "आता तरी बंद करतील."

महोदय, आपल्या कार्यालयाने ते छायाचित्र परत पाठवले. कारण असे, की "छायाचित्रात अनोळखी इसमाचा हात दिसत असून तो खांबाच्या नुकसानीस कारणीभूत आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा." खुलासा असा, की तो हात अर्जदाराचा आहे आणि हाताने काँक्रीट फुटत नाही. हा खुलासा घेऊन ती आपल्या दालनाबाहेर बसून राहिली. आपण दौऱ्यावर होता, बैठकीत होता, मग निघून गेला होता. त्याच संध्याकाळी तिने छायाचित्र दाराएवढे मोठे छापून तिकीट खिडकीशेजारी लावले.

घबराट पसरल्याचे नोटिशीत म्हटले आहे. तसे झाले असते, तर अर्जदाराला आज हा अर्ज लिहावा लागला नसता. पहिल्या दिवशी थोडे लोक माघारी फिरले, काहींनी दिरांना वाटेल ते सुनावले, एकाने छायाचित्राचा कोपरा फाडला. मग रांग पुन्हा लागली. पलीकडे जायला दुसरी सोय नाही.

आज सकाळी एक बाई मूल कडेवर घेऊन छायाचित्रासमोर थांबली. कामावर निघालेली असावी, खांद्याला डबा होता. तिने ते नीट पाहिले आणि अर्जदाराला विचारले, "ही भेग कुठल्या बाजूला आहे, ताई?" अर्जदाराने समुद्राची बाजू दाखवली. बाईने मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले, तिकीट काढले आणि धक्क्याच्या विरुद्ध बाजूच्या कठड्याला अंग घासत, एकेक पाऊल जपून टाकत लाँचपर्यंत चालत गेली.

छायाचित्राने एवढेच होऊ शकते. ते आपण म्हणाल तर अर्जदार आजच काढील. धक्का आज बंद करावा, आणि तोवर शेजारच्या, वापरात नसलेल्या जुन्या दगडी पायऱ्यांवरून उतारूंची सोय करावी, हे मात्र तिच्या हातचे नाही. ते आपल्या सहीचे काम आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलेली,

(सही)
अर्जदार
फोटो स्टुडिओ, प्रवासी धक्क्यासमोर

दिनांक : आजचाच

सोबत : तिसऱ्या खांबाचे छायाचित्र, पहिल्या दोन खेपांची छायाचित्रे (तिसऱ्या खेपेस बुडालेल्या कॅमेऱ्यातून एकही निघाले नाही), नोटिशीची प्रत.